जाईबाईंचा गोड आवाज

जयवंत परबांचे दोन्ही हात पलंगाच्या कठड्यांना बांधलेले होते आणि तरीही ते मांडव बांधत होते.

"अरे, कापड खाली येतंय! ताण! डाव्या बाजूची दोरी ताण!" छताकडे डोळे लावून ते ओरडायचे आणि दोरी म्हणून हाताला जे लागेल ते ओढायचे. आधी त्यांनी सलाईन ओढलं. मग नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी ओढली. ती पुन्हा घालताना त्यांना आणि सिस्टरांना दोघांनाही घाम फुटला. तेव्हापासून मनगटांना मऊ पट्ट्या होत्या.

परळच्या त्या जुन्या, मोठ्या रुग्णालयात ते न्यूमोनियाने आले होते. श्वासाची नळी निघाली, ताप उतरला, फुप्फुसं हळूहळू कामाला लागली. डोकं मात्र अजून काळाचौकीच्या चौकातच होतं. तिथल्या मंडळाचा मांडव आणि त्यातला लाऊडस्पीकर ही त्यांची तरुणपणापासूनची जबाबदारी. पोटासाठी त्यांनी कुरिअर कंपनीत पाकिटं वाटली, पण कोण तुम्ही, असं विचारलं की उत्तर यायचं, "मंडळाचा साउंड."

अक्षता कासारेला ही सगळी माहिती होती, कारण माहिती गोळा करणं हेच तिचं काम होतं. एम.एस्सी. नर्सिंग करून ती इथे संशोधन करणारी नर्स म्हणून लागली होती. आयसीयूत बरेच पेशंट असे भरकटतात. दिवस कुठला, आपण कुठे, समोर कोण, काही कळत नाही. अशा वेळी घरच्या माणसाचा आवाज ऐकवला तर डोकं लवकर ठिकाणावर येतं का, हा तिचा प्रश्न. पद्धत सोपी होती. नातेवाइकाने ठरलेला मजकूर वाचायचा, तिने तो रेकॉर्ड करायचा आणि उशीजवळच्या छोट्या स्पीकरवर लावायचा.

तिच्या आईला, बकुळाबाईंना, हे काही पटलेलं नव्हतं. "माणसाशी घरच्यांनी बोलावं, यात शोध कसला लावायचा?" घोडपदेवच्या घरातून निघताना त्यांनी विचारलं होतं. "आणि लावलाच तर डबा घेऊन जा. उपाशीपोटी शोध लागत नाहीत."

वॉर्डच्या इन्चार्ज इरावती सिस्टर होत्या. त्यांच्यासमोर मॉनिटरसुद्धा हळू वाजतात, असं नव्या मुली म्हणत.

"तुझा अभ्यास चांगला आहे गं," त्या अक्षताला म्हणाल्या, "पण निघालेली नळी अभ्यास परत घालत नाही. ती मी घालते."

"सिस्टर, बांधलेला माणूस जास्त घाबरतो. घाबरला की जास्त ओढतो. हे दिसून आलंय."

"कुठे?"

"परदेशात. बऱ्याच ठिकाणी."

"मग परबांना तिथेच पाठव. व्हिसाचं बघ."

अक्षता हसली, पण हटली नाही. त्यात एक खरी भीती होती. डॉक्टर हेमचंद्र सबनीसांनी सकाळच्या राउंडला स्पष्टच सांगितलं होतं. परब असेच धडपडत राहिले तर गुंगीचं औषध वाढवावं लागेल. गुंगी वाढली की खोकणं कमी, खोकणं कमी झालं की छाती पुन्हा भरणार आणि मग कदाचित पुन्हा व्हेंटिलेटर. एवढ्या कष्टाने काढलेली नळी परत घशात.

शेवटी सौदा झाला. परब शांत झाले आणि सांगितलेलं ऐकू लागले, तर पट्ट्या इरावती सिस्टर स्वतःच्या हाताने सोडणार. पण स्पीकरमुळे एकदा जरी गडबड झाली, तर तो स्पीकर कपाटात.

*

रेकॉर्डिंगला परबांच्या पत्नी जाईबाई लग्नकार्यातली जांभळी साडी नेसून आल्या. आवाजच घ्यायचाय, फोटो नाही, असं अक्षताने सांगून पाहिलं.

"असू दे गो," त्या म्हणाल्या. "साडी चांगली असली की तोंडातून शब्द चांगले येतत."

सोबत मुलगा होता, निलेश. मंडळाच्या कार्यक्रमांचं निवेदन तोच करायचा आणि खिशात पेन नसलं तरी आवाजात कायम एक माईक असायचा. त्याने मजकुराचा कागद वाचून समाधानाने मान हलवली. तो मजकूर अक्षताने परदेशी अभ्यासांवरून मन लावून तयार केला होता, रुग्णालयाच्या संशोधन समितीकडून मंजूर करून घेतला होता. त्यातला स्वल्पविरामही तिच्या मर्जीने बसला होता.

"आई, श्वास घे. शब्द सोडायचा, फेकायचा नाही. इथे 'आम्ही सर्वजण' आहे ना, तिथे जरा थांब. भाव येऊ दे."

जाईबाईंचा आवाज मूळचा खणखणीत. मध्येच तो वर गेला की निलेश हाताचा पंजा आडवा धरून हळूहळू खाली आणायचा. "पप्पांची खूण आहे ही," त्याने अक्षताला सांगितलं. "स्टेजवर कोणी बेंबीच्या देठापासून ओरडायला लागलं की पप्पा लांबूनच असा हात करतात. म्हणजे आवाज बसवा, नाहीतर स्पीकर शिट्टी मारतो."

तीन-चार वेळा पाणी पिऊन, दोनदा घसा खाकरून जाईबाईंनी वाचलं, "आदरणीय जयवंतराव, मी आपली पत्नी जाई बोलत आहे. आपण रुग्णालयात आहात. आपली प्रकृती सुधारत आहे. आपण सुरक्षित आहात. आम्ही सर्वजण आपली खूप आठवण काढतो."

'आदरणीय जयवंतराव' कागदावर नव्हतं. ती निलेशची भर. अक्षताला ते खटकलं म्हणून तिने पुन्हा ऐकलं, पण आवाज इतका मऊ, इतका स्वच्छ आला होता, की तिने ते राहू दिलं. आतापर्यंतच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये हे अव्वल, असं तिचं मत झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड जरा निवांत असताना तिने स्पीकर परबांच्या उशीजवळ ठेवला आणि सुरू केला.

परब छताकडे बघत होते. 'आदरणीय जयवंतराव' ऐकताच त्यांचे हात थांबले. अक्षता आनंदाने पुढे वाकली. 'आपण सुरक्षित आहात'ला त्यांनी मान वळवली. 'आम्ही सर्वजण'नंतरच्या त्या भावपूर्ण शांततेत त्यांचे डोळे मोठे झाले. आणि 'खूप आठवण काढतो' झालं मात्र, परब कठड्यांसकट उठायला निघाले.

"बंद करा! माईक बंद करा! कोणी लावली शोकसभा? मी जितो आसंय! निल्या, फोटो काढ खुर्चीवरचो! हार काढ!"

पलंग खडखडला. मॉनिटर किंचाळला. डावी पट्टी निसटली आणि मोकळा झालेला हात थेट स्पीकरवर पडला. स्पीकर जमिनीवर आपटला, पण भारतीय बनावटीचा असल्यामुळे बंद पडला नाही. पलंगाखालून जाईबाई शांतपणे दुसऱ्यांदा सांगू लागल्या की सर्वजण आठवण काढत आहेत.

इरावती सिस्टरांनी परबांना धरलं, पट्टी पुन्हा बांधली, मग वाकून स्पीकर उचलला आणि बटण दाबलं. कपाट उघडून त्यांनी स्पीकर आत ठेवला. चावी फिरल्याचा आवाज अक्षताला मॉनिटरपेक्षा मोठा वाटला.

*

मंडळातलं कोणी गेलं की चौकात शोकसभा होते, हे तिला निलेशने नंतर जिन्यात सांगितलं. खुर्चीवर हार घातलेला फोटो, समोर चटया, आणि कोपऱ्यात एम्प्लिफायर सांभाळत जयवंत परब. गल्लीतल्या प्रत्येक शोकसभेचा साउंड त्यांचाच. लोक तिथे असंच बोलतात, आदरणीय म्हणत, थांबत, भाव आणत.

"म्हणजे मी आईकडून तेच करून घेतलं," निलेश म्हणाला. त्याच्या आवाजातला माईक पहिल्यांदाच बंद होता. "मला तो एकच प्रकार येतो हो मॅडम. नाहीतर मग लकी ड्रॉ."

"चूक तुमची एकट्याची नाही," अक्षता म्हणाली. "'आपण' आणि 'आठवण' हे शब्द कागदावर मीच लिहिले होते."

पण एक गोष्ट तिला सुटत नव्हती. टेप चुकली, मान्य. जाईबाई तर रोज संध्याकाळी भेटायला येतात. तेव्हा नवरा त्यांना का ओळखत नाही? परबांच्या पलंगाजवळ त्या उभ्या राहायच्या, मास्कच्या आतून, देवळात आल्यासारख्या हळू आवाजात विचारायच्या, "बरं वाटतं का आता?" आणि परब त्यांच्याकडे मंडळाला वर्गणी न देणाऱ्या माणसाकडे बघावं तसे बघायचे.

ती या विचारात असतानाच खालच्या मजल्यावरून आवाज आला. आवाज कसला, जिन्याचा कठडा थरथरला.

"मेल्या निलेशा! तुका डबो गरम करून आणूक सांगलंय, आणि तू थंय जिन्यात गजाली करतंस? भात थंड झालो, डाळ थंड झाली, आणि तू तर जन्मापासूनच थंड! ये खाली!"

निलेश खाली धावला. अक्षता जागच्या जागी उभी राहिली. मग तीही धावली.

जाईबाई बाकावर डबा मांडून बसल्या होत्या. अक्षताला बघताच त्यांनी पदर सावरला, चेहरा सावरला आणि पुन्हा त्या देवळात गेल्या. "या ना मॅडम. आपण जेवलात का?"

"काकू, आत्ता निलेशला ओरडलात ना, तो आवाज कुठला?"

जाईबाई लाजल्या. "माफ करा हां. हॉस्पिटल आहे हे विसरायलाच झालं."

"नाही, तसं नाही. घरी काकांशी तुम्ही कशा बोलता? टेपवर बोललात तशा?"

निलेशने भाताचा घास तसाच हातात धरला. "टेपवर बोलली तशी? मॅडम, पप्पांशी ती आयुष्यात एकदाही 'आपण' बोललेली नाही. घरी ती आत्ताच्या दुप्पट आवाजात बोलते. पप्पा सांगतात, आईला एम्प्लिफायर लागत नाही, फ्यूज लागतो."

"गप रव," जाईबाई म्हणाल्या. मग अक्षताकडे वळून दुखावल्या सुरात, "पण मी किती मन लावून वाचलं ते. पाणी पिऊन पिऊन. एक 'ण' चुकला नाही."

"तेच तर चुकलं, काकू. तुम्ही त्यांच्याशी कधी इतकं गोड बोलत नाही. मग त्यांना काय वाटणार?"

जाईबाईंनी क्षणभर विचार केला. "मी गेलंय, असा वाटतला," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच दचकून तोंडावर पदर धरला.

*

डॉक्टर सबनीस चहाचा कप घेऊन मॉनिटरच्या नोंदी बघत होते. अक्षताने त्यांना एका दमात सगळं सांगितलं. आवाज ओळखीचा होता, पण बोलण्याची तऱ्हा परकी होती. टेपवर तीच चूक, भेटीच्या वेळीही तीच. आपण नातेवाइकांना दारातच सांगतो, हळू बोला, सांभाळून बोला. मग ते परक्यासारखे बोलतात आणि पेशंट परक्यासारखा बघतो.

"शक्य आहे," सबनीस म्हणाले. "सिद्ध झालेलं नाही."

"नाही सर. नुसता अंदाज आहे. म्हणून नवीन रेकॉर्डिंग घ्यायचंय. पण मजकूर बदलायचा तर समितीची परवानगी हवी, आणि समिती बसेपर्यंत काका..."

"मजकुराच्या जागी काय लिहिणार आहेस? 'पत्नी रुग्णास झापेल'?"

"'नेहमीच्या घरगुती स्वरात बोलेल' असं लिहीन."

"बरं आहे. ते समितीकडे पाठव." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण एक सांग, संध्याकाळच्या भेटीत बायकोने नवऱ्याशी कुठल्या स्वरात बोलावं याला कधीपासून परवानगी लागायला लागली? माझ्या घरी तर कोणी घेत नाही."

अक्षताने ते वाक्य तिथेच पकडलं. "म्हणजे तुमची हरकत नाही?"

"माझी नाही. तुला इरावती सिस्टरांना विचारायचंय. तिथे माझंही चालत नाही."

इरावती सिस्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला. "म्हणजे मी पंचवीस वर्षं माणसांना सांगतेय हळू बोला, आणि तू सांगतेस ओरडा."

"फक्त एका माणसाला. एका पलंगापुरतं. आणि ओरडा नाही, नेहमीसारखं बोला."

"तो खाली जिन्यात आला तो आवाज नेहमीसारखा? मला इथे ऐकू आला. मला वाटलं लिफ्ट पडली."

"सिस्टर, बिघडलं तर मी उद्यापासून स्पीकरचं नाव काढणार नाही. अभ्यासात काकांचं नाव यश म्हणून तर नाहीच, अपयश म्हणून लिहीन."

इरावती सिस्टरांनी चष्मा पुन्हा लावला. "शेजारच्या बेडचा पडदा ओढून घे," त्या म्हणाल्या. "आणि मी तिथेच उभी राहणार. हात बांधलेलेच राहतील."

*

संध्याकाळी जाईबाई आत आल्या त्या साध्या सुती साडीत. अंगावर गाऊन, तोंडाला मास्क. परब छताकडे बघून पुटपुटत होते. डॉक्टर सबनीस दूर कुठल्यातरी फायलीत डोकं घालून उभे होते, पण पान उलटत नव्हते.

जाईबाईंनी एकदा इरावती सिस्टरांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज पुन्हा देवळात गेला. "अहो, बरं वाटतं का आता?"

परबांनी परक्या नजरेने बघितलं आणि उजव्या मनगटाला हिसका दिला. "दोरी ताण रे."

अक्षता हळूच म्हणाली, "काकू, घरी. घरी असल्यासारखं."

"सिस्टर रागावतील."

"रागावल्यावर मी बघेन," इरावती सिस्टर म्हणाल्या. "बोला तुम्ही."

जाईबाईंनी खोल श्वास घेतला. यावेळी शब्द सोडायला नव्हे, फेकायला.

"काय हो! खंयचो मांडव बांधतास? हयसर मांडव दिसता तुमका? हॉस्पिटलात आसास! छातीत कफ झालो, ताप इलो, म्हणान आणलंव तुमका. किती सांगलंय, गच्चीर उघड्या अंगान बसू नका, वारो लागतलो. पण माझा आयकता कोण! आणि त्या नाकातल्या नळयेक हात लावशात तर बघा. ती दोरी न्हय, तुमचा जेवण आसा ता! आज मंगळवार. निलेश भायर बसलो हा, तो पण तुमच्यासारखोच, काय एक काम नीट करीत नाय. मी हयसरच आसंय, खंय जावक नाय. गप पडान ऱ्हवा!"

मॉनिटरवरचा आकडा भरभर चढला. इरावती सिस्टर एक पाऊल पुढे आल्या. पण त्या गडबडीतही अक्षताच्या लक्षात आलं. आपण कुठे आहोत, का आहोत, आज वार कुठला, घरचं कोण सोबत आहे. भरकटलेल्या पेशंटला सांगायला हवा असा एकही मुद्दा काकूंनी सोडला नव्हता. फक्त तिच्या कागदावरचे स्वल्पविराम घरी ठेवले होते.

परबांचे डोळे छतावरून खाली उतरले. आधी मास्कवर, मग कपाळावर, मग डोळ्यांवर. आकडा थांबला. मग सावकाश उतरू लागला.

"जाई?"

"नाय. पंतप्रधान."

"मगाशी एक बाय बोलत व्हती." परबांचा घसा घोगरा होता, पण शब्द जागेवर होते. "गोड. माका वाटला, माझी शोकसभा."

"तुमचीच व्हती. रद्द केलंय मी."

"ती बाय कोण?"

"मीच."

परबांनी तिला नीट निरखलं. "न्हय," ते ठामपणे म्हणाले. "तू न्हय ती."

फायलीमागे डॉक्टर सबनीसांना खोकला आला.

अक्षता पुढे झाली. तिने परबांच्या तळव्यात दोन बोटं ठेवली. पेशंटचं लक्ष जागेवर आहे का, हे बघायची ही नेहमीची रीत. काल हेच केलं तेव्हा परबांनी प्रत्येक अक्षराला तिची बोटं दोरीसारखी ओढली होती. "काका, मी एकेक अक्षर म्हणते. 'स' म्हटलं की माझी बोटं दाबा. बाकी कशालाच नाही."

"बाय सांगता तसा करा," जाईबाई म्हणाल्या. "शानपणा नको."

अक्षता सावकाश म्हणत गेली. परब वाट बघत राहिले. 'स' आला की दाबायचे, नाही तर गप्प. एकदा 'श'ला त्यांचं बोट हललं, पण त्यांनी स्वतःच आवरलं आणि चोरून बायकोकडे पाहिलं. संपल्यावर अक्षताने मान वर केली. तिला बोलायचं होतं, पण आधी इरावती सिस्टर काय करतात ते बघायचं होतं.

इरावती सिस्टर पलंगाला वळसा घालून आल्या. त्यांनी डाव्या मनगटाची पट्टी सोडली, मनगट हलकेच चोळलं आणि हात पांघरुणावर ठेवला. मग उजवी सोडली.

जाईबाईंचा बांध फुटला. त्यांना रडायचं होतं की बोलायचं होतं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. दोन्ही एकदमच बाहेर आलं. "बघितलास, हात सोडले तुमचे! माका किती दिवस वाटत व्हता, माझ्या माणसाचे हात असे बांधून ठेयले! आता जर का परत खंयची नळी ओढलास ना, तर मीच बांधतलंय, सिस्टर नाय, मीच..."

परबांचा उजवा हात पांघरुणावरून उठला.

सगळे थबकले. हात छातीवरून वर आला. नाकातल्या नळीच्या दिशेने आला. इरावती सिस्टरांचा हात आपोआप पुढे गेला.

परबांचा हात नळीच्या बाजूने निघून गेला आणि जाईबाईंच्या समोर येऊन थांबला. मग त्यांनी पंजा आडवा केला आणि हळूहळू खाली आणला.

"बसव," ते म्हणाले. "शिट्टी येता."